ब्रह्मदेशाची यादवी आणि शेजारचीं घरें

गेल्या महिन्यांत सांगलीकडील एका वाचक भगिनींचें पत्र आलें. अक्षर वळणदार, मजकूर सडेतोड. त्या लिहितात कीं, हें सदर त्यांच्या घरीं रात्रीच्या जेवणानंतर मोठ्यानें वाचलें जातें. परंतु ब्रह्मदेशाचा विषय निघाला कीं त्यांचे मामंजी चष्मा काढून ठेवतात. "तेथें कोण कोणाशीं लढतो हें लढणाऱ्यांसही धड ठाऊक नसेल. आपण कशाला डोकें शिणवावें?" असा त्यांचा प्रश्न.

प्रश्न गैर नाहीं. १९८९ पासून ज्याचें सरकारी नांव म्यानमार आहे, परंतु मराठी माणसाच्या तोंडीं जो अजून ब्रह्मदेशच आहे, त्या देशांत लहानमोठीं सशस्त्र दलें इतकीं आहेत कीं, त्यांची नामावळी सांगत बसलों तर हा अंक पुरणार नाहीं. लोकमान्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत गीतारहस्य लिहिलें, आणि मंडालेचा राजा थिबा आमच्या रत्नागिरीस नजरकैदेंत १९१६ सालीं वारला, एवढ्यावर आपली त्या देशाशीं ओळख बहुधा संपते. परंतु ओळख संपली म्हणून संबंध संपत नाहीं. तो कसा, हें सांगण्यासाठीं आम्ही प्रथम ब्रह्मदेशास न जातां आमच्याच नात्यांतील एका घरीं जातों.

त्या घरांत एक वृद्ध गृहस्थ आहेत. उभा जन्म शाळेंत शिकविण्यांत गेला. हिशेबास चोख, कोणाचें देणें ठेवलें नाहीं. एके सकाळीं त्यांना मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर गणवेशांतील इसम, मागें पोलिस ठाण्यासारखी खोली. 'तुमच्या नांवानें परदेशीं गेलेल्या पार्सलांत अमली पदार्थ सांपडले आहेत, तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे, खोलीबाहेर पडूं नका, कोणास कांहीं सांगूं नका,' असें फर्मावण्यांत आलें. घरांत त्या वेळीं अकरा माणसें होतीं. पलीकडच्या खोलींत सून पोळ्या लाटीत होती, ओसरीवर नातू अभ्यास करीत होता. दोन दिवस या गृहस्थांनीं त्यांपैकीं एकासही शब्द सांगितला नाहीं. तिसऱ्या दिवशीं ते बँकेंत गेले, मुदतीची ठेव मोडली, आणि सांगितलेल्या खात्यावर सर्व रक्कम भरून आले. आयुष्यांत कधीं पोलिस ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसास अब्रूचें भय किती असतें, हें ज्यांनीं हा डाव रचला त्यांस पुरतें ठाऊक होतें.

तो फोन नेमका कोठून आला हें आजवर कळलेलें नाहीं, आणि कळेल अशी आशाही नाहीं. परंतु अशा फसवणुकीचा मोठा भाग ब्रह्मदेश, कंबोडिया व लाओस या तीन देशांतून चालतो, असें भारताच्या गृहखात्याच्या सायबर गुन्हे शाखेनें मे २०२४ मध्यें जाहीर केलें होतें. (अशा प्रसंगीं तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. आणि कोणताही पोलिस फोनवरून अटक करीत नाहीं, एवढें वाक्य घरांतील वडीलधाऱ्यांस आजच सांगून ठेवावें.)

ब्रह्मदेश आणि सयाम, म्हणजे आजचें थायलंड, यांच्यामध्यें मोई नांवाची नदी आहे. अलीकडे थायलंडचें मेसोत शहर, पलीकडे ब्रह्मदेशाचें म्यावाडी. म्यावाडीच्या आसपास नदीकांठीं गेल्या कांहीं वर्षांत उंच भिंतींच्या आड मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. आंत शेंकडों तरुण ओळीनें संगणकापुढें बसून जगभरच्या माणसांस फोन करीत. त्यांतील कित्येक स्वेच्छेनें आलेले नव्हते. थायलंडमध्यें चांगल्या पगाराची नोकरी म्हणून त्यांना विमानानें आणावयाचें, रात्रीं नदी ओलांडावयास लावावयाची, आणि पारपत्र काढून घ्यावयाचें. मग जो रोजचें ठरलेलें काम पुरें करणार नाहीं त्यास मारहाण. मार्च २०२५ मध्यें भारत सरकारनें मेसोतहून लष्करी विमानांच्या दोन फेऱ्यांत ५४९ भारतीयांस परत आणलें. पुढच्याच महिन्यांत महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनींही साठांवर लोकांची सुटका झाल्याचें सांगून दलालांस पकडलें. तेव्हां आमच्या नातलगांस धाक घालणारा तो गणवेशांतील इसम स्वतः कोणाचा कैदी नव्हता, हेंही आम्हांस छातीठोकपणें सांगतां येत नाहीं.

असा धंदा म्यावाडीसच कां फोफावला? येथें त्या देशाच्या यादवीचा संबंध येतो. म्यावाडीच्या मुलखांत कॅरेन लोकांचीं दलें १९४९ पासून मध्यवर्ती सरकाराशीं लढत आलीं. त्यांतील एक फुटीर दल २०१० च्या सुमारास लष्करास मिळालें; त्यास 'सीमारक्षक' हें नांव व मुलूख सांभाळण्याची मोकळीक मिळाली. या सीमारक्षकांनीं जमीन चिनी जुगारी व ठक यांस दिली. मग १ फेब्रुवारी २०२१ रोजीं लष्करानें निवडून आलेलें सरकार उलथून टाकलें, देशभर बंड पेटलें, आणि म्यावाडीचा रस्ता हातीं ठेवण्यासाठीं सेनापतींस याच दलाची गरज भासूं लागली. ज्याची गरज त्याला कोण हटकणार? राज्यच नाहीं अशा ठिकाणीं ठकांस लपावें लागत नाहीं. भाडें दिलें कीं झालें.

परंतु याहून बोचणारी गोष्ट निराळीच आहे. त्या इमारतींतील दिवे थायलंडच्या विजेवर जळत होते. वीज विकली जात होती, इंधन जात होतें, मालाची ने-आण थाई बाजूनें होत होती. मेसोतच्या बाजारास त्यांत चार पैसे मिळत होते. जानेवारी २०२५ मध्यें एका चिनी नटास याच वाटेनें पळविण्यांत आलें, चिनी प्रवाशांनीं थायलंडचे बेत रद्द करावयास सुरुवात केली, तेव्हां ५ फेब्रुवारीस थाई सरकारनें वीज तोडली. मग थोड्याच दिवसांत सुमारें सात हजार माणसें त्या भिंतींतून बाहेर आलीं. जें बटण २०२५ मध्यें दाबलें तें आधींही दाबतां आलें असतें.

आमच्या मतें सगळ्या प्रकरणाची किल्ली येथेंच आहे. एका देशांतील बेबंदशाही शेजाऱ्यांकडे येते ती कुंपण फोडून क्वचितच येते. ती रोजच्या उघड्या दारांनीं येते. बाजाराचें दार, मजुरीचें दार, सोयरिकीचें दार. आणि प्रत्येक शेजारी आपल्या दाराशीं जो बंदूकवाला उभा असेल त्याच्याशीं आपल्यापुरता सौदा करतो, म्हणून ती बेबंदशाही लांबत जाते.

सर्वांत मोठा सौदागर चीन. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरील चाउप्यू येथून युनानपर्यंत त्याच्या वायूच्या व तेलाच्या नळ्या गेल्या आहेत. विजेवर चालणाऱ्या मोटारींस लागणारीं दुर्मिळ मूलद्रव्यें काचिन प्रांताच्या डोंगरांतून येतात. चीन लष्करी राजवटीस शस्त्रें विकतो आणि सीमेलगतच्या बंडखोरांशींही घरोबा ठेवतो. सीमेवरील ठकांचे अड्डे चिनी माणसांनाच लुबाडूं लागले आणि लष्कर त्यांस हात लावीना. अशा वेळीं २७ ऑक्टोबर २०२३ रोजीं तीन बंडखोर दलांनीं एकत्र मोहीम उघडली. चीननें ती अडविली नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें लाउक्काई हें अड्ड्यांचें शहर पडलें. परंतु बंडखोर थांबले नाहींत. त्यांनीं ऑगस्ट २०२४ मध्यें लाशिओ घेतलें, जेथें लष्कराचें ईशान्येचें मुख्य ठाणें होतें. आतां मात्र राजवट कोसळते कीं काय, या भयानें चीननें सीमेचीं नाकीं बंद केलीं, दबाव आणला, आणि एप्रिल २०२५ मध्यें तेंच लाशिओ बंडखोरांकडून लष्करास परत देवविलें. जिंकलेलें शहर तिसऱ्याच्या सांगण्यावरून शत्रूच्या हवालीं करावें लागतें, तेव्हां त्या लढाईंत देशाचे लोक किती व शेजारी किती, हा प्रश्न पडतो.

आपल्या बाजूचें दार सोयरिकीचें आहे. मिझोरम आणि ब्रह्मदेशाचा चिन प्रांत यांच्यामध्यें तियाउ नांवाची नदी वाहते; उन्हाळ्यांत ती पायीं ओलांडतां येते. पलीकडील चिन आणि अलीकडील मिझो एकाच कुळींचे. भाषा जवळच्या, देऊळ एकच, लेकीसुना इकडून तिकडे दिलेल्या. मार्च १९६६ मध्यें मिझो उठावाच्या वेळीं ऐजॉलवर आपल्याच विमानांनीं बाँब टाकले, तेव्हां मिझो कुटुंबें याच डोंगरांतून पलीकडे आसऱ्यास गेलीं होतीं. हें ऋण तेथील म्हाताऱ्या माणसांस ठाऊक आहे. म्हणून २०२१ मध्यें चिन लोक नदी ओलांडून येऊं लागले आणि १० मार्च रोजीं दिल्लीच्या गृहखात्यानें सीमेवरील राज्यांस लोंढा थोपविण्यास लिहिलें, तेव्हां मिझोरमचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनीं पंतप्रधानांस उलट पत्र धाडलें कीं, हे आमचे रक्ताचे बांधव आहेत, त्यांच्या दुःखाकडे आम्हांस पाठ फिरवितां येणार नाहीं. एकेकाळीं स्वतः बंडखोर असलेल्या माणसाच्या लेखणींतून तें पत्र उतरलें हें लक्षांत घ्यावें. पुढें तीस हजारांवर माणसें त्या लहानशा राज्यांत आलीं. गांवकऱ्यांनीं तांदूळ जमविले, चर्चनें व तरुण मिझो संघानें झोपड्या उभारल्या, सरकारी शाळांनीं मुलें घेतलीं. निर्वासितांविषयीं आपल्या देशांत स्वतंत्र कायदा नाहीं. त्यामुळें हे लोक पाहुणे कीं घुसखोर, हें ज्याच्या त्याच्या दृष्टीवर राहिलें. नदी ओलांडून पळालेल्यांत पुढें ब्रह्मी सैनिकही आले. जानेवारी २०२४ मध्यें अशा सैनिकांस परत नेण्यासाठीं आलेलें ब्रह्मी लष्कराचें विमान लेंगपुईच्या धावपट्टीवरून घसरलें. कांहीं लोक जखमी झाले.

मणिपुरांत हेंच दार निराळ्या रीतीनें उघडलें. ३ मे २०२३ पासून तेथें मैतेई व कुकी-झो यांच्यांत जें पेटलें, त्यांत अडीचशेंवर माणसें गेलीं आणि साठ हजार बेघर झालीं. हा वणवा केवळ ब्रह्मदेशाच्या ठिणगीनें लागला असें म्हणणें सोयीचें आहे, परंतु खरें नाहीं; जमिनीचे, आरक्षणाचे आणि राजकारणाचे घरचे तंटे पुरेसे जुने होते. मात्र सीमेपलीकडून कोणी येऊन आपली संख्या उणी करील, हें भय एका बाजूस होतें. आणि त्या भयापोटीं पिढ्यान्‌पिढ्या येथेंच राहणाऱ्या आपल्याच देशबांधवांकडे परके म्हणून बोट दाखविलें जाऊं लागलें. आमच्या मतें शेजारच्या यादवीचें हें सर्वांत वाईट फळ आहे.

दिल्लीनें यावर कुंपणाचा उपाय काढला. सीमेच्या दोन्ही बाजूंस सोळा किलोमीटरपर्यंत परवान्याविना जाण्यायेण्याची जी जुनी मुभा होती, ती रद्द करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्यें झाली. पुढें ती दहा किलोमीटर व पास अशी आंखडण्यांत आली. १६४३ किलोमीटरच्या सबंध सीमेस कुंपण घालण्याचेंही ठरलें. मिझोरम व नागालँड यांच्या विधानसभांनीं याविरुद्ध ठराव केले. नागालँडांत लोंगवा नांवाचें गांव आहे. तेथील 'अंग' म्हणजे राजा, त्याच्या घराच्या मधूनच सीमारेषा जाते. एकाच छपराखालीं दोन देश! ज्या वाचकांनीं वाडा वांटून घेतांना माजघरांत भिंत घातलेली पाहिली असेल, त्यांना अशा कुंपणाची कल्पना सहज येईल.

पश्चिमेस बंगालच्या उपसागराच्या कांठीं आराकान, म्हणजे हल्लींचा राखाइन. तेथून ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराच्या जाळपोळीपुढें सात लाखांवर रोहिंग्या मुसलमान बांगला देशांत आले. कॉक्स बाझारच्या छावण्या त्या वेळेपासून तशाच आहेत. बांबू व ताडपत्री यांच्या त्या वस्तींत जन्मलेलीं मुलें आतां शाळेच्या वयाचीं झालीं, आणि त्यांना कोणताच देश आपलें म्हणत नाहीं. २०२४ अखेर आराकान आर्मी या बौद्ध राखाइनांच्या दलानें माउंगडॉ घेऊन बांगला देशाशीं लागलेली सबंध सीमा हातीं केली. आतां ढाक्यानें रोहिंग्यांस परत पाठविण्याचें बोलणें करावयाचें तर कोणाशीं? राजधानींत बसलेल्यांच्या हातीं ती भूमि नाहीं, आणि ज्यांच्या हातीं आहे ते राज्य नव्हेत. हाच पेंच आपलाही झाला. कोलकात्याहून सितवे बंदरमार्गें कालादान नदीनें मिझोरमला जाण्याचा जो मार्ग २०१० पासून आपण बांधीत आहोंत, त्यावरील पालेत्वा गांव जानेवारी २०२४ मध्यें आराकान आर्मीनें घेतलें. पुढच्या महिन्यांत मिझोरमचे एक राज्यसभा सदस्य सीमा ओलांडून त्या दलास भेटून आले. दिल्लीचा राजदूत सेनापतींशीं बोलतो, आपला खासदार बंडखोरांशीं. चीनला नांवें ठेवतांना हें विसरूं नये.

अमली पदार्थांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्याची वाट सर्वांस ठाऊक आहे. अफगाणिस्तानांत तालिबानांनीं अफूवर बंदी घातल्यावर २०२३ मध्यें ब्रह्मदेश अफूच्या उत्पादनांत जगांत पहिला झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानें त्या वर्षीं १०८० टन. रासायनिक गोळ्यांचा धंदा त्याहून मोठा. नोव्हेंबर २०२४ मध्यें अंदमानच्या समुद्रांत आपल्या तटरक्षकांनीं एक ब्रह्मी मासेमारी नौका पकडली, तींत सुमारें सहा टन माल निघाला.

आतां कोठीच्या खोलीकडे वळूं. मामंजींना हा भाग कदाचित् अधिक पटेल. जुन्या वाड्यांतील ब्रह्मी सागाच्या तुळया आपण पाहिल्या आहेत, परंतु डब्यांतील उडदाची डाळ कोठून आली हें पुसत नाहीं. भारतांत बाहेरून येणाऱ्या उडदाचा मोठा वांटा ब्रह्मदेशाचा असतो. तेथील शेतकरी उडीद स्वतः फारसा खात नाहीं. तो पिकवितो तो आपल्या पापडांसाठीं व इडल्यांसाठीं. जून २०२१ मध्यें, उठावास पांच महिनेही झाले नव्हते तेव्हां, आपल्या सरकारनें पांच वर्षांचा करार केला: दर वर्षीं अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तूर. करार झाला म्हणून आम्ही दोष देत नाहीं. डाळ महाग झाली तर प्रथम ओरड आपणच करतों. परंतु उपाशी राहण्याचा हा संबंध किती जवळचा आहे याचा एक जुना दाखला आहे. १९४२ मध्यें जपाननें ब्रह्मदेश घेतला. चार-पांच लाख हिंदी माणसें डोंगरांतून पायीं परत निघालीं, त्यांतील हजारों वाटेंत मेलीं. रंगूनचा तांदूळ बंगालला येईनासा झाला. १९४३ च्या दुष्काळास इतर कारणें होतीं, सरकारची बेपर्वाई व साठेबाजी हीं मोठीच होतीं. पण तो तांदूळ तुटल्याचा घाव त्यांत होता. मेले ते वीस ते तीस लाख, आणि त्यांतील बहुतेकांनीं ब्रह्मदेश नकाशावरही पाहिला नसेल.

मग या सर्व शेजाऱ्यांनीं एकत्र बसून कांहीं केलें कीं नाहीं? बसले होते. आग्नेय आशियाच्या राष्ट्रसंघानें, ज्यास 'आसियान' म्हणतात, २४ एप्रिल २०२१ रोजीं जकार्तास सेनापति मिन आंग लाइंग यांच्या समक्ष पांच कलमें ठरविलीं: हिंसा थांबवावी, सर्वांनीं बोलावें, मध्यस्थ नेमावा, मदत पोंचवावी, मध्यस्थानें सर्वांस भेटावें. सेनापति घरीं गेले आणि त्यांनीं तीं बाजूस ठेवलीं. एकमेकांच्या घरांत डोकावावयाचें नाहीं, हा त्या संघाचा मूळ नियम. त्यामुळें त्यानें फार तर सेनापतींस बैठकीचें बोलावणें बंद केलें. पुढें फेब्रुवारी २०२४ मध्यें लष्करानें सक्तीची भरती सुरू केली, तेव्हां तरुण मुलांचे थवे थायलंडकडे पळाले. तेथें मात्र एक शहाणपणाची गोष्ट घडली. सीमेवरील छावण्यांत चाळीस वर्षें कोंडून ठेवलेल्या निर्वासितांस थाई सरकारनें २०२५ च्या ऑक्टोबरापासून बाहेर उघडपणें काम करण्याची परवानगी दिली. दयाबुद्धीपेक्षां मजुरांची टंचाई त्यास अधिक कारण झाली असेल. असो, चाळीस वर्षांनीं कां होईना, हाताला काम मिळालें. आपल्याकडे मिझोरमच्या छावण्यांतील शिकल्यासवरल्या माणसांविषयीं असा विचार कोणी बोलून दाखविल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

२८ डिसेंबर २०२५ पासून लष्करानें टप्प्याटप्प्यानें निवडणुका घेतल्या. आंग सान सू ची यांचा पक्ष २०२३ मध्येंच विसर्जित करण्यांत आला होता, आणि मोठ्या मुलखांत मतदानच झालें नाहीं. शेजाऱ्यांपैकीं कित्येकांस ही निवडणूक हवीच होती. बोलावयास कोणी तरी अधिकृत माणूस असला म्हणजे करारावर सही घेतां येते. परंतु ज्याची सही घ्यावयाची त्याचा अंमल तियाउच्या कांठीं नाहीं, पालेत्वास नाहीं, आणि म्यावाडीस आहे तो सीमारक्षकांच्या मर्जीनें. देशांत बेघर झालेले पस्तीस लाखांवर लोक या सहीनें घरीं कसे जातील, हें आम्हांस दिसत नाहीं.

मामंजींस एवढेंच कळवावें कीं, कोण कोणाशीं लढतो हें आम्हांसही पुरतें उमगलेलें नाहीं. आमच्या त्या वृद्ध नातलगांची गेलेली रक्कम परत आली नाहीं. पोलिसांनीं तक्रार लिहून घेतली आहे. घरांतलें कोणीही त्यांस एका शब्दानें बोललें नाहीं. पण ते आतां स्वतः होऊन फोन उचलीत नाहींत. पुण्याची लेक बोलावूं लागली तरी आधीं सुनेनें पडदा पाहावा, नांव सांगावें, मग ते हात पुढें करतात.